हाड ऐकतं, पोटरी रुसते

१९८० साली इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी सायबेरियातल्या कुर्गानला पोहोचला तेव्हा त्याचा एक पाय वर्षानुवर्षं आखूड होता. माणूस ऐरागैरा नव्हे. १९५८मध्ये वॉल्टर बोनात्तीबरोबर गाशेरब्रुम-४ शिखरावर पहिल्यांदा पोचलेला, पुढे थॉर हायरडालच्या पपायरसच्या ‘रा’ नौकेवरून अटलांटिकवर गेलेला. फक्त जुन्या अपघातात मोडलेली नडगी धड जुळली नव्हती. नौकेवरचे रशियन डॉक्टर युरी सेंकेविच यांनी त्याला कुर्गानची वाट दाखवली. तिथून तो पाय सुधारून परतल्यावर इटलीतल्या डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. १९८१मध्ये बेलाजिओच्या परिषदेत कुर्गानचे डॉक्टर गाव्रिल इलिझारोव्ह बोलायला उभे राहिले, आणि हाड हळूहळू लांबवण्याची त्यांची पद्धत पश्चिमेला खऱ्या अर्थाने कळली.

रशियात ती तोवर तीस वर्षांची झाली होती. १९४४मध्ये डॉक्टर झालेल्या इलिझारोव्हांची नेमणूक कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का या खेड्यात झाली. युद्धानंतरचा काळ, न जुळलेली हाडं भरपूर, साधनं तुटपुंजी. त्यांनी पायाभोवती धातूच्या कड्या बसवल्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार नेल्या आणि कड्या आट्यांच्या दांड्यांनी जोडल्या. हेतू हाड दाबून जुळवण्याचा. सांगतात की, एका रुग्णाने नट उलटे फिरवले आणि फटीत नवं हाड दिसलं. गोष्ट थोडी जास्तच छान आहे, म्हणून मी ती जपून सांगतो. फट वाढवण्याचा वेग मात्र प्रयोगांतून ठरला: दिवसाला १ मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. घाई केली तर फट रिकामी राहते. रेंगाळलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं.

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला, २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला वालेरी ब्रुमेल १९६५च्या मोटरसायकल अपघातात पाय चिरडून बसला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. अखेर कुर्गानने त्याचा पाय वाचवला, आणि पुढे तो पुन्हा दोन मीटरांवरून उडाला. इलिझारोव्हांचं नाव सोव्हिएत देशात घरोघरी पोचलं ते या उडीमुळे.

या उपचारात अर्धं काम रुग्णाच्या हाती असतं. शस्त्रक्रियेत हाड कापलं जातं, आठवडाभर ते तसंच राहू देतात, मग दहाचा पाना घेऊन नट फिरवणं सुरू. आटे एका मिलिमीटरचे असतात, म्हणून पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून.

फेंगड्या पायांचं गणित थोडं वेगळं. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या मध्याजवळून जायला हवी. बाक असला की ती आत सरकते, भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो आणि कूर्चा तिथेच झिजते. लहानपणी मुडदूस झालेल्यांना ही किंमत अनेकदा चाळिशीनंतर मोजावी लागते. नुसताच बाक असेल तर नडगी कापून, कोन सुधारून, पट्टी-स्क्रूने काम एकाच बैठकीत होतं. बाक मोठा असेल किंवा पाय आखूडही असेल तर कड्या लागतात. मग आतल्या बाजूचे दांडे जास्त उघडायचे, बाहेरचे कमी. हल्ली सहा तिरप्या दांड्यांची चौकट मिळते आणि कोणत्या दिवशी कोणता दांडा किती फिरवायचा, याचा तक्ता संगणक काढून देतो.

हाड बिचारं राजी असतं. खरी कुरकुर पोटरीची. स्नायू त्याच वेगाने लांबायला तयार नसतात, टाच वर ओढली जाते आणि पाय जमिनीवर सपाट टेकेनासा होतो. नस ताणली गेली तर पायाला मुंग्या येतात, पंजा उचलणं जड जातं. मग वेग कमी करावा लागतो. तारांच्या भोकांतून पू येणं तर नेहमीचंच. रोजचं ड्रेसिंग आणि फिजिओथेरपी टाळणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

आता चुंबकाने लांबणारा खिळा हाडाच्या आतच बसवता येतो, आणि केवळ उंचीसाठी पाय कापून घेणारे निरोगी तरुणही दवाखान्यांत दिसतात. चीनने २००६मध्ये अशा सौंदर्यापुरत्या शस्त्रक्रियांवर बंदी घातली. मला ती अतिरेकी वाटत नाही. आखूड पायाने लंगडणाऱ्याने सोसलेलं आणि दोन इंचांच्या हौसेसाठी सोसलेलं दुखणं एकाच तागडीत घालता येत नाही.

प्रौढांमध्ये हाड भरायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. सिगारेट ओढणाऱ्याला आणखी. पाच सेंटिमीटर वाढवायला पन्नासेक दिवस पुरतात, पण नवं हाड घट्ट होईपर्यंत कड्या पुढे कित्येक महिने पायातच असतात. क्ष-किरणात हाडाच्या चारपैकी निदान तीन कडा अखंड दिसल्या की डॉक्टर कड्या काढायचा विचार करतात.