सरकारी खर्च आणि विकास : रोजगार हमीचा पैसा कुठे मुरतो?

आज वित्तीय तुटीवर लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. सरकारने खर्चलेला रुपया हातोहात फिरून उत्पन्न किती पट वाढवतो, त्या गुणकावरचा माझा लेख वाचून माण तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारले आहे, 'रोजगार हमीच्या मजुरीने विकास होतो, की माणसे नुसती जगतात?' हा प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

माणसे जगली, हेच आधी मोठे काम. १९७२-७३ च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पण विकासाचे काय? हा गुणक आपल्यासारख्या देशात तसाच चालणार नाही, अशी धोक्याची सूचना अर्थतज्ज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ सालीच दिली होती. मंदीत सापडलेल्या इंग्लंडात कामगारही रिकामे होते आणि कारखानेही. मागणी वाढली की मालही वाढायचा. आपल्याकडे हात रिकामे, पण शेताला पाणी नाही. मजुराच्या हाती पैसा आला की तो आधी धान्य घेतो. बाजारात धान्य तेवढेच असेल, तर वाढतो तो भाव.

राव यांच्या आक्षेपाला माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर पाझर तलावाने दिले. नाल्यावर मातीचा बांध घातला की पाणी अडते, जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. तिथे रब्बीचे पीक निघाले की मजुरीच्या पैशामागे धान्य उभे राहते. उलट, दुष्काळी कामावर फोडलेली खडी रस्त्यावर न पडता ढिगातच राहिली, तर मजुरी मिळते, उत्पादन वाढत नाही. दोन्हींवरचा खर्च सारखाच. देशाच्या पदरात पडते ते वेगळे.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हीच उत्पादक कामे होती. १९७५ पासून पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच कामासाठी आला. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला. १९९० नंतर योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर उभे राहिले.

सरकारी हिशेबाचा घोळ मात्र अजून आहे. अशा कामांसाठी केंद्राने राज्यांना दिलेले अनुदान महसुली, म्हणजे चालू, खर्चात धरले जाते, मग त्यातून तलाव झाला तरी. २०११-१२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'प्रभावी महसुली तूट' ही संकल्पना आणून असे मत्ता घडवणारे अनुदान वेगळे दाखवायला सुरुवात झाली. त्यामुळे महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असे सरसकट म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

खरी उधळपट्टी वेगळीच आहे. पाझर तलाव गाळाने भरतो. नव्या कामाला निधी मिळतो, जुन्याच्या देखभालीला हात आखडतात. विकासाचा पैसा तिथे वाया जातो. ग्रामसभेत या वर्षी नवे काम मागण्याआधी जुन्या तलावाचा गाळ काढण्याचा ठराव मांडा.