जुना राऊटर रिटायर? छे, री-हायर!

माळ्यावर जुना राऊटर धूळ खातोय? आणि मागच्या बेडरूममध्ये वाय-फायची एकच दांडी? मग जोडी जमली! त्या म्हाताऱ्याला ॲक्सेस पॉइंट करा.

माहीत आहे का, घरातला राऊटर म्हणजे एका डबीत चार मशीन्स? ट्रॅफिक वळवणारा राऊटर, केबलींचा स्विच, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आणि वाय-फाय सोडणारा ॲक्सेस पॉइंट. आपल्याला खरा हवाय तो शेवटचा. स्विच बोनस! उरलेल्या पोर्टात टीव्ही जोडा, झक्कास चालेल.

आता सेटिंग. लॅपटॉप जुन्या राऊटरला केबलने जोडा. मेनूत 'ॲक्सेस पॉइंट मोड' दिसला, तर निम्मं काम झालंच. नाही दिसला? मेन राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या; फक्त मेनच्या वाटपाच्या यादीत तो आकडा नको. दोघांचा पत्ता एकच झाला, की इंटरनेटचा पत्ता कट!

मग डीएचसीपी ऑफ. खरी मेख इथेच! तो चालू राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात, आणि मोबाइल 'कनेक्टेड' म्हणतो पण पान काही उघडत नाही. शेवटी केबल: मेनच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात. जुन्याचं 'वॅन' लिहिलेलं, बहुतेकदा वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामंच ठेवा. (ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर मात्र बरेचदा वॅनही चालतं.)

माहीत आहे का, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११? मेन १ वर, तर नवा गडी ११ वर. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गुणगुणतो. त्याच्या शेजारी राऊटर? नको रे बाबा!

आणि वाय-फायची ही गोष्ट ऐका! ऑस्ट्रेलियाचे जॉन ओ'सलिव्हन फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. विवरं हुलकावणी देऊन गेली, पण ते गणित पुढे सीएसआयआरओ या तिथल्या संशोधन संस्थेच्या टीमला कामी आलं. भिंतींवर आपटून घोटाळा करणारे सिग्नल सावरायचं तंत्र त्यांनी काढलं, १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तुमच्या बेडरूमच्या भिंतीचं कनेक्शन थेट अंतराळाशी!

रेकॉर्ड हवाय? २००७, व्हेनेझुएला. एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी डोंगरमाथ्यांवर अँटेना लावून वाय-फाय पोचवलं तब्बल ३८२ किलोमीटर. मुंबई-पुणे अंतराच्या दुपटीहून जास्त!

घरात नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सेम ठेवा, फोन आपोआप पार्टी बदलतो. कधी आधीच्यालाच चिकटून बसला तर वाय-फाय ऑफ-ऑन करा.

केबल किती लांब चालते, माहीत आहे का? इथरनेटची मर्यादा १०० मीटर. म्हणजे गच्चीवरची मॅच पक्की!