सांग दगडा, तुझं नाव काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची सिन्नरजवळच्या गावाहून आली ती मूठ मिटूनच. "मावशी, डोळे मीट!" मी मिटले. हातावर काहीतरी गार, टोकदार टेकलं. बघते तर छोट्या लिंबाएवढा पांढरा, चमकणारा दगड!

"नवी विहीर खणतायत ना, त्या डबरात सापडला. हिरा आहे ना गं?"

हिरा नसणार, हे मला माहीत होतं. पण मग कोण? आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक झाले. म्हणून विहीर खणताना पांढरे पाहुणे भेटतात. गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट... आणि तिघंही कधीकधी अगदी सारखे दिसतात! रंगावर भरवसा ठेवायचा नाही, दगडालाच विचारायचं.

पहिला प्रश्न खिळ्याचा. दगड टेबलावर ठेवून, आईबाबांना जवळ बसवून, लोखंडी खिळ्याने एक छोटी रेघ ओढा. रेघ दिसली? थांबा, ओल्या बोटाने पुसा! पुसली गेली, तर ती खिळ्याचीच भुकटी होती. दगडाने खिळ्याला खाल्लं. बोटाला खाच लागली, तर खिळा जिंकला. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांना अशाच ओरखड्यांवरून १ ते १० क्रमांक दिले. शंखजिरं १, हिरा १०. गारगोटी ७, म्हणजे खिळ्याला दाद न देणारी. आमच्या दगडावर मात्र खाच पडली. हिरा बाद, गारगोटीही बाद. भाचीचा चेहरा उतरला.

रंग किती फसवतो, ते काळ्या दगडांत तर फारच गमतीने दिसतं. चहाच्या कपाच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कडा असते ना, तिच्यावर हेमटाइट हे लोहखनिज घासा. दगड काळा असला तरी रेघ उमटते लालसर, काव लावल्यासारखी! मॅग्नेटाइटची रेघ काळीच, आणि त्याला लोहचुंबकही पटकन चिकटतं.

आता उरले कॅल्साइट आणि झिओलाइट. झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'. आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये तो तापवला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फसफसला. तुम्ही मात्र कुठलाही दगड तापवू नका, तडकून उडतो. चाखूनही बघू नका. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणा. आम्ही एका कोपऱ्यातून खिळ्याने थोडी भुकटी खरवडली आणि तिच्यावर दोन थेंब टाकले.

फस्स! बारीक बारीक बुडबुडे! कॅल्साइटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. झिओलाइट असता तर बहुतेक गप्प बसला असता.

तरी एक साक्ष आणखी हवी होती. काट्यावर दगड भरला ५४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही. काटा म्हणाला २०. म्हणजे दगडाने २० ग्रॅम पाण्याची जागा घेतली होती. ५४ भागिले २०, उत्तर २.७. कॅल्साइटचा आकडा २.७१! स्टिल्बाइट नावाचा आपल्याकडचा झिओलाइट २.२ च्या आसपास असतो. गारगोटी २.६५, म्हणजे नुसत्या काट्यावर आम्ही फसलो असतो. पण तिला खिळ्याने आधीच घरी पाठवलं होतं.

"मग हा साधाच दगड?" भाचीने विचारलं.

मी दगडाची एक पारदर्शक कपची उचलली आणि वहीवर तिने लिहिलेल्या तिच्या नावावर ठेवली. आत दोन नावं दिसत होती! कॅल्साइटमधून जाताना प्रकाश दोन वाटांनी फुटतो. तिने कपची हळूच फिरवली. एक नाव जागच्या जागी उभं, आणि दुसरं त्याच्याभोवती फिरू लागलं.

जेवायला बोलावलं तरी ती उठेना.