५ एप्रिल की ४ मे? तुमची सीएसव्ही फाईल सांगत नाही

वर्षभराचा विक्री रिपोर्ट सीएसव्हीमध्ये डाउनलोड केला, डबल-क्लिक केलं, एक्सेलमध्ये उघडला. झालं काम? थांबा जरा.

तारखेचा रकाना बघा. ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्यासाठी ५ एप्रिल. पण कॉम्प्युटरचं रीजन अमेरिका असेल, तर एक्सेल ती ४ मे धरतं. डेटव्हॅल्यू फंक्शनचंही तेच, तेसुद्धा रीजन बघूनच ठरवतं. आणि १३/०४/२०२५? तेरावा महिना नसतोच, म्हणून ती तारीख न होता नुसता मजकूर राहते.

आता एप्रिलची बेरीज मारा. त्यात येते प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेची विक्री! एरर कुठेच नाही, आकडाही खरा वाटतो आणि तोच धरून आपण पुढच्या एप्रिलचा माल भरतो. खरी भानगड ही.

एकट्या एक्सेलला काय बोलणार? सीएसव्हीचं २००५ चं आरएफसी ४१८० स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं कशी लावायची ते सांगतं. रकान्यात तारीख आहे की आकडा, हे लिहायची सोयच त्यात नाही. मग उघडणारा अंदाज बांधतो.

म्हणून डबल-क्लिक नको. डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, डेटा टाईप ओळखू नको असं निवडा, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. तारखेच्या रकान्यावर राइट-क्लिक करून 'चेंज टाईप', 'युझिंग लोकेल', डेट, इंग्लिश (इंडिया).

बारकोडचा रकाना मात्र टेक्स्टच ठेवा. नाहीतर ८९० ने सुरू होणारा १३ आकडी नंबर ८.९ई+१२ असा काहीतरी दिसतो, आणि सीएसव्ही तशीच सेव्ह केली की मूळ आकडे गेलेच.