सरकती रेघ

पंचेचाळिशीनंतर परीक्षेला बसायचे म्हटले की घरचे आधी हसतात, मग चहा करून देतात. २००६ साली बँकेच्या संगणक विभागात असताना मी सिस्कोच्या ‘सीसीएनए’ या नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. शाखेची लाइन बंद पडली की ती सुरू करून घेणे सवयीचे होते. पण ती का पडली, हे पुरवठादाराचा विशीतला मुलगा सांगे. शब्द त्याचा, सही माझी. हे मनाला लागत होते.

पुस्तकात आयपी पत्ता भेटला. चार आकडे, प्रत्येक ० ते २५५. वाटले, हा तर आपल्या ओळखीचा! धनादेशावरचा नऊ आकडी एमआयसीआर क्रमांक असाच वाचतात: पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. पत्त्यातही आधी नेटवर्क, मग यंत्र. पण इथे मधली रेघ सरकते! ती कुठे आहे, हे ‘सबनेट मास्क’ सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल तर एका गटात ६४ पत्ते. पहिला खुद्द नेटवर्कचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा. यंत्रांना उरतात ६२.

अनुभवी माणसाची खरी परीक्षा इथेच. अनुभव त्याला दारापर्यंत आणून सोडतो. पण त्याची हयात ठरलेल्या रेघांवर गेलेली असते. आत शिरायचे तर शाळकरी पोरासारखी एक-शून्याची गणिते घोटावी लागतात.

मी पास झालो. बँकिंगची ‘सीएआयआयबी’ एकदा झाली की जन्माची. या प्रमाणपत्राची मुदत मात्र तीनच वर्षे. मुदत ठेवच म्हणा ना! वेळेवर नूतनीकरण केले नाही, तर हाती नुसती जुनी पावती.