शुक्रवारची बैठक आणि सूपची रांग

न्यूयॉर्कच्या पूर्व तिसऱ्या रस्त्यावर ‘मेरीहाउस’ नावाचे घर आहे. बेघर स्त्रियांना आसरा देणाऱ्या या घरात शुक्रवारी संध्याकाळी बैठक भरते. एखादे पुस्तक किंवा श्रद्धेतला एखादा अडलेला प्रश्न घेऊन कोणी बोलते, मग वादविवाद होतो आणि शेवटी ससाफ्रासच्या मुळांचा गरम चहा पीत गप्पा चालू राहतात.

या बैठकांचे मूळ पीटर मॉरीन (१८७७–१९४९) या फ्रेंच शेतकऱ्याच्या मुलाच्या डोक्यात होते. अमेरिकेत मिळेल ती अंगमेहनत करत फिरलेला, खिशात पुस्तके आणि टिपणे कोंबलेला हा माणूस डिसेंबर १९३२ मध्ये पत्रकार डोरोथी डे यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या योजनेत तीन गोष्टी होत्या : चर्चेच्या बैठका, गरिबांसाठी आतिथ्यगृहे आणि शेतीवरच्या वसाहती. विद्वानांनी हातात फावडे घ्यावे, कामगारांनी पुस्तक, असा त्याचा आग्रह. शेतीचा भाग बहुतेक ठिकाणी फसला. शेत कसणाऱ्यांपेक्षा शेतीवर बोलणारेच जास्त जमत.

१ मे १९३३ रोजी, महामंदीच्या ऐन भरात, ‘द कॅथलिक वर्कर’ हे दोघांचे वृत्तपत्र एक सेंट किमतीला युनियन स्क्वेअरमध्ये विकायला आले. आतिथ्याविषयी छापले, तेव्हा वाचणाऱ्यांतलेच काही भुकेले दारात येऊ लागले. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, परक्याला घर ही मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातली शिकवण आता रोज सकाळी सूपच्या रांगेत उभी होती. आतिथ्यगृहात काम करणाऱ्यांना पगार नसे. खुद्द डोरोथी दान म्हणून आलेल्या कपड्यांतलेच कपडे घालत. त्यांच्या वाचनात दस्तयेव्हस्की नेहमी असे. प्रत्यक्षातले प्रेम कल्पनेतल्या प्रेमाहून कठोर असते, हा त्याचा विचार आंबट वासाच्या, भांडखोर पाहुण्यांच्या संगतीत त्यांना रोज पटत असावा.

पुस्तकातले वाक्य व्यवहारात कुठवर न्यायचे, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६० सालचे. भुयारी रेल्वेसाठी शहराने क्रिस्टी स्ट्रीटवरचे त्यांचे घर घेतले. मोबदला द्यायला उशीर झाला म्हणून वर व्याजही दिले. मॉरीन आपल्या छोट्या निबंधांतून सावकारीवर सतत टीका करत असे, आणि चर्चनेही एकेकाळी व्याज निषिद्ध मानले होते. डोरोथींनी ३,५७९ डॉलर आणि ३९ सेंटचा धनादेश शहराच्या खजिनदाराकडे परत पाठवला. पैशांची चणचण त्यांच्याकडे नेहमीचीच होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

‘शत्रूवर प्रेम करा’ सांगणारे येशूचे डोंगरावरील प्रवचन शब्दशः घेण्याची किंमत त्याआधीच मोजून झाली होती. दुसऱ्या महायुद्धातही डोरोथींनी युद्धविरोध सोडला नाही, तेव्हा वृत्तपत्राचा खप कोसळला, कित्येक आतिथ्यगृहे बंद पडली आणि सहकाऱ्यांतही फूट पडली. अहिंसेच्या याच वाटेवरच्या गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये डोरोथींनी त्यांच्यावर आदरांजलीचा लेख लिहिला. १९७० मध्ये त्या भारतातही येऊन गेल्या आणि कोलकात्यात मदर तेरेसांना भेटल्या.

१९८० मध्ये डोरोथी गेल्या. वृत्तपत्र आणि आतिथ्यगृहांतून उभ्या राहिलेल्या ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीला तेव्हाही मध्यवर्ती कार्यालय नव्हते, आजही नाही. प्रत्येक घर आपल्या पद्धतीने चालते. वृत्तपत्राची किंमत एक सेंटच राहिली आहे.