पुसलेल्या ओळींची राखण

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. अनेकांचे प्राण गेले, घरे कोसळली. तळमजल्यावरील पेट्यांतली खतपत्रे व वह्या चिखलात गेल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत परगावी होती तो पुन्हा उतरवून घेता येत होता. ज्याची नव्हती तो कायमचा नाहीसा झाला.

आज असले लेखन संगणकात असते. सावध मनुष्य त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. परंतु एखादे प्रकरण चुकून पुसले गेले आणि तीच फाईल जुन्या प्रतीवर चढविली, तर दोन्ही ठिकाणी सारखीच उणीव राहते! प्रतीबरोबर तिचा इतिहासही जपला पाहिजे.

ही दृष्टी पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले; ते १९६६ साली पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहताना विष्णु सीताराम सुकथनकर प्रभृती संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला. पण नाकारलेले पाठ फेकून न देता, कोणत्या पोथीत काय आहे हे तळटीपांत नोंदविले. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला दुसरा पाठ तेथेच सापडतो.

संगणकावर हेच काम ‘गिट’ नावाची आज्ञावली करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ती लिनक्सच्या कामासाठी रचली. आपण सांगू तेव्हा ती फाईलींची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवते. सोबत दिनांक, लिहिणाऱ्याचे नाव आणि बदलाचे कारण. मजकुरावरूनच प्रत्येक नोंदीची खूण काढली जाते, म्हणून मागाहून एक अक्षर जरी बदलले तरी खूण जुळत नाही. कारणाच्या जागी नुसते ‘दुरुस्ती’ असे लिहिणारे आळशी लोक मात्र वर्षभराने स्वतःच गोंधळतात.

हा सारा इतिहास त्याच डिस्कवर राहिला, तर डिस्कबरोबर तोही बुडतो. तो दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या गावी, वेळोवेळी पाठवावा लागतो. छायाचित्रे व चित्रफिती यांचा मात्र पसारा फार वाढतो. त्यांच्यासाठी साधी प्रतच बरी. आणि बँकेचा सांकेतिक शब्द या नोंदीत कधीही लिहू नये. पुढे तो फाईलीतून खोडला, तरी जुन्या नोंदीत तो तसाच वाचता येतो.